कॉलेजचं मराठी संशोधन नियतकालिक ऑनलाइन नेताना: पॅकेज, ओजेएस, डीओआय आणि त्याआधीचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल असलेल्या मॅडमनी विचारलंय की, त्यांच्या कॉलेजचं सहामाही मराठी संशोधन नियतकालिक बरीच वर्षं छापील निघतंय, आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक आहे. आता प्राचार्यांनी ते ऑनलाइन करायचं काम ग्रंथालयाकडे दिलंय. एका एजन्सीनं वेबसाइट, डीओआय (लेखाचा कायमचा क्रमांक), इंडेक्सिंग (शोधसूच्यांत नोंद) आणि इम्पॅक्ट फॅक्टर (उद्धरणांवरून काढलेला आकडा) असं एकत्र पॅकेज पाठवलंय. ते घ्यावं, की ओजेएस हे नियतकालिक चालवायचं मोफत सॉफ्टवेअर आपणच बसवावं? आणि यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, बंद झाल्यावर एवढा खटाटोप करून फायदा काय?

मॅडम, माझी सगळी नोकरी सोलापुरातल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत गेली आणि शहरातल्या-जिल्ह्यातल्या काही नियतकालिकांना ऑनलाइन जाताना मी मदत केली आहे. त्यावरून सांगतो, पॅकेज की ओजेएस हे नंतर ठरवता येतं. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या. तुमच्या अंकांतला मजकूर मशीनला वाचता येतो का, आणि तो ज्या पत्त्यावर ठेवणार तो पत्ता कुणाच्या ताब्यात राहणार? या दोन ठिकाणी गडबड असेल तर कितीही पैसे मोजा, लेख कुणाला सापडत नाहीत, किंवा तीन-चार वर्षांनी जागेवरून गायब होतात.

पुढचं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करतो. कॉलेजात संगणक विभाग आहे का, तिथले शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, जुन्या अंकांच्या फाइली प्रेसकडे आहेत की फक्त छापील प्रती उरल्यात, संपादक मंडळ खरंच लेख वाचतं की नावापुरतं आहे, यावर निर्णय बदलतील. म्हणून मी एकच रेडीमेड उत्तर देत नाही. मी कसा विचार करतो ते मांडतो, तुमच्याकडे काय लागू पडतं ते तुम्ही बघा.

आधी केअरचं बोलून घेऊ, कारण प्राचार्यांच्या डोक्यात तेच असणार. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं केअर यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि नियतकालिक निवडताना काय बघावं याचे सुचवलेले निकष दिले. याचा अर्थ, चांगलं कुठलं आणि भुरटं कुठलं हे ठरवायची जबाबदारी आता संस्थांवर आली. एजन्सीवाले अजूनही 'केअर लिस्टेड करून देतो' म्हणतात. तसं कुणी म्हणालं की त्याच्याशी पुढं बोलायची गरज नाही. आता राहतं ते एवढंच: कुणीही तुमचं नियतकालिक उघडलं तर लेख दिसतो का, संपादक कोण ते कळतं का, लेख कसा तपासला ते लिहिलंय का. यादीत नाव असण्यापेक्षा हे बरं आहे असं माझं मत. यादीच्या काळात लोक फक्त नाव तपासायचे, अंक उघडायचे नाहीत.

आता फॉन्टकडे येतो. मराठी नियतकालिकांचं घोडं इथंच अडतं आणि एजन्सीच्या कोटेशनमध्ये याबद्दल एक ओळ नसते.

एक साधी चाचणी करा. मागच्या अंकाची प्रेसकडून आलेली पीडीएफ उघडा, एखादी ओळ सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी अक्षरं उमटली तर नशीब चांगलं. बहुतेक वेळा रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं असा काला उमटतो. कारण नवी पेठ असो की बार्शी, आपल्याकडच्या प्रेसमध्ये वर्षानुवर्षं पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर आणि श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वापरून काम झालंय. त्यात कागदावर 'सोलापूर' दिसतं, पण फाइलच्या आत 'सोलापूर' नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. डोळ्याला मराठी, मशीनला कचरा. गुगल स्कॉलर, म्हणजे संशोधन लेख शोधायचं गुगलचं शोधयंत्र, असा लेख वाचूच शकत नाही. पेजमेकर तर युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणारी देवनागरी, चालवतच नाही, त्यामुळे प्रेसवाल्याला नुसतं 'युनिकोडमध्ये दे' म्हणून भागत नाही. त्याला सॉफ्टवेअरच बदलावं लागतं, आणि तो कुरकुर करणार हे गृहीत धरा.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलायला कन्व्हर्टर मिळतात. ते चालतात, पण आंधळेपणानं चालवू नका. रफार एक अक्षर पुढं किंवा मागं सरकतो. 'शेतकऱ्यां'सारख्या शब्दातला अर्धा र तुटतो. पहिली वेलांटी कधी कधी अक्षर सोडून एकटीच लोंबकळते. सगळ्यात वाईट हाल संदर्भसूचीचे होतात. मराठी लेखाच्या शेवटी इंग्रजी पुस्तकांची नावं असतात. कन्व्हर्टरला ती इंग्रजी आहेत हे कळत नाही, तो तीही जुन्या फॉन्टचीच समजून देवनागरीत 'बदलून' टाकतो. लेखकाचं नाव, प्रकाशक, साल, सगळ्याचा लगदा होतो. म्हणून मी कायम असं करतो: लेखाचा मजकूर कन्व्हर्ट करायचा, इंग्रजी संदर्भ मूळ लेखकाच्या वर्ड फाइलमधून वेगळे उचलायचे. लेखकाकडे फाइल नसेल तर छापील पानावरून हातानं टाइप करायचे. वेळ लागतो, पण संदर्भसूची बिघडली तर तो लेख कुणाला उद्धृत करतोय हेच कळत नाही.

ज्या अंकांच्या फक्त छापील प्रती आहेत, ते स्कॅन करून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून मजकुरात उतरवून घ्या. गुगल ड्राइव्हवर पीडीएफ चढवून गुगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर निघतो. टेसरॅक्ट या मोफत ओसीआर सॉफ्टवेअरमध्येही मराठीची सोय आहे. छपाई स्वच्छ असेल तर निकाल बरा येतो, शाई पसरलेली असेल तर डोक्याला ताप. सगळे जुने लेख शुद्ध करत बसायचा हट्ट धरू नका. वाचकाला पानाचं चित्र दिसू द्या आणि ओसीआरचा मजकूर त्याच्यामागं शोधासाठी राहू द्या. शीर्षक, लेखक, सारांश आणि संदर्भ मात्र माणसानं तपासलेलेच हवेत.

आणि युनिकोड फॉन्ट वापरूनसुद्धा पीडीएफ बिघडू शकते. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं दिसायला नीट असतात, कॉपी केली की विस्कटतात. म्हणून ती कॉपी-पेस्टची चाचणी प्रत्येक अंकाला करायची, एकदा करून सोडायची नाही.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट. बऱ्याच कॉलेजांच्या साइटवर 'आमचे संशोधन नियतकालिक' या मेन्यूखाली अख्खा अंक एकाच भल्यामोठ्या पीडीएफमध्ये टांगलेला असतो. मुखपृष्ठ, प्राचार्यांचं मनोगत, संपादकीय, चौदा लेख, जाहिराती, सगळं एकात. अशा फाइलचा उपयोग तपासणी समितीला दाखवण्यापुरताच. गुगल स्कॉलरला प्रत्येक लेखाची वेगळी फाइल लागते, ती ५ एमबीपेक्षा मोठी चालत नाही, आणि लेखाच्या पानावर सारांश उघडा दिसायला हवा. म्हणजे लेख सुटा करा, प्रत्येकाला स्वतःचं वेब पान द्या, त्या पानावर शीर्षक, लेखक, सारांश, बीजशब्द आणि खाली पीडीएफ. एवढं केलं तरी अर्धं काम झालं. जुन्या अंकाची पीडीएफ नुसतं स्कॅन असली तरी पानावरचा सारांश युनिकोडमध्ये असल्यामुळे लेख निदान सापडतो तरी.

ही माहिती भरताना आपल्याकडे हमखास होणारे दोन घोळ सांगतो. पहिला, नावापुढची बिरुदं. छापील अंकात 'प्रा. डॉ.' असतं म्हणून डेटा भरणारा मुलगा पहिल्या नावाच्या रकान्यात 'प्रा. डॉ.' टाकतो. मग निम्मे लेखक शोधयंत्रात 'प्रा.' या एकाच नावाचे होऊन बसतात. बिरुदं काढा, लेखकांकडून ओआरसीआयडीचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा अंकी क्रमांक घ्या. आपल्या सोलापुरात हे जास्तच गरजेचं आहे. तेलुगू घरातले प्राध्यापक आडनाव आधी लिहितात, कन्नड घरातले कधी गावाचं नाव लावतात, आणि एकच माणूस तीन लेखांत तीन प्रकारे रोमन स्पेलिंग करतो. क्रमांक एक असला की माणूस एक राहतो.

दुसरा घोळ बीजशब्दांचा. आपल्या शहराचं नाव रोमन लिपीत दोन प्रकारे लिहिलेलं सापडतं. जुन्या सरकारी कागदपत्रांत आणि इंग्रजी ग्रंथांत 'श' च्या उच्चाराचं 'शोलापूर', हल्लीच्या लिखाणात 'सोलापूर'. १९३० च्या मार्शल लॉवर किंवा गिरण्यांवर काम करणारा परराज्यातला संशोधक जुन्याच स्पेलिंगनं शोधणार. बीजशब्दांत दोन्ही रूपं द्या, मराठीतलं तिसरं द्या. इंग्रजी शीर्षक आणि इंग्रजी सारांश हवाच. विडी कामगार स्त्रियांवर तुमच्या अंकात उत्तम लेख असेल, पण त्याचं इंग्रजी शीर्षक नसेल तर हैदराबादच्या अभ्यासकाला तो दिसणार नाही. हैदराबादहूनच वाचक यायची शक्यता जास्त, कारण आपल्याकडच्या पद्मशाली या तेलुगू विणकर समाजाचा इतिहास तिकडून इकडे आलाय.

जुन्या लेखकांचे पत्ते मात्र छापले होते तसेच ठेवा. २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ झालं, त्याआधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, आणि २०१९ मध्ये आपल्या विद्यापीठाचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. १९९८ च्या लेखावर आजचं नाव टाकणं म्हणजे माहिती दुरुस्त करणं नव्हे, बिघडवणं.

आता ओजेएस. ओपन जर्नल सिस्टिम्स हे कॅनडातल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचं मोफत सॉफ्टवेअर, २००१ च्या सुमारापासून चालू आहे आणि जगभर हजारो नियतकालिकं त्यावर चालतात. लेख मागवणं, परीक्षकाकडे पाठवणं, अंक लावणं, सगळं त्यात होतं. मला त्यातलं जास्त मोलाचं वाटतं ते वेगळंच: प्रत्येक लेखाला ते आपोआप वेगळं पान करून देतं आणि गुगल स्कॉलरला हवी तशी माहिती त्या पानात भरतं. एका लेखाची माहिती मराठी-इंग्रजी दोन्हीत ठेवता येते. चालवायला पीएचपी आणि मायएसक्यूएल असलेलं साधं होस्टिंग पुरतं. सहामाही नियतकालिकाला मोठा सर्व्हर लागत नाही, कुणी लागतो म्हणालं तर तो विकायला बसलाय.

मग अडचण कुठं येते? बसवायला एक दुपार पुरते, सांभाळायला कुणी नसतं. अपडेट न केलेली ओजेएस साइट हॅकरचं आवडतं कुरण आहे. लेखाच्या पानांवर ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती घुसलेली नियतकालिकं मी स्वतः उघडून बघितली आहेत. नोंदणी सगळ्यांना खुली ठेवली की खोट्या खात्यांचा पूर येतो, म्हणून कॅप्चा आणि ईमेल पडताळणी पहिल्याच दिवशी चालू करा. लेखांच्या मूळ फाइली ठेवायचं फोल्डर वेबसाइटच्या उघड्या फोल्डरच्या बाहेर ठेवायचं असतं. बसवणारा घाईत ते आतच ठेवतो आणि मग परीक्षकांचे गुप्त अभिप्रायसुद्धा बाहेरून उघडतात. हे एक तुम्ही स्वतः विचारून खात्री करून घ्या. बॅकअप घेताना डेटाबेस आणि फाइली दोन्ही घ्यायच्या. नुसता डेटाबेस घेतला तर यादी राहते, लेख जातात. आणि सहा महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघायचा. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

बीसीएच्या मुलांकडून साइट करून घेण्याचा मोह प्राचार्यांना होईल. करून घ्या, मुलं हुशार असतात. पण डोमेन (साइटचं नाव), होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आणि ॲडमिन खातं त्या मुलाच्या स्वतःच्या जीमेलवर नको. मुलगा पास होऊन पुण्याला जातो, नंबर बदलतो, आणि कॉलेज स्वतःच्या नियतकालिकाच्या दाराबाहेर उभं राहतं. एजन्सीच्या नावावर डोमेन असेल तर तेच होतं, फक्त तिथं किल्ली परत मागायला पैसे पडतात. नियतकालिकासाठी कॉलेजचा स्वतंत्र ईमेल काढा, सगळी खाती त्यावर ठेवा. गंमत अशी की कॉलेजात पंखा घेतला तरी त्याची डेड स्टॉक रजिस्टरला नोंद होते, पण डोमेनची कुठंच होत नाही. मग नूतनीकरणाची तारीख येते आणि जाते, कुणाला पत्ता नसतो. मी तर सांगेन, रजिस्टरमध्येच नोंद करा: डोमेन, कुठून घेतलं, कधी संपतं, कोण भरतं.

पत्ता कुठला घ्यायचा? कॉलेजचं एसी डॉट इन डोमेन असेल, जे अर्नेट या संस्थेकडून मिळतं, तर त्याखाली नियतकालिकासाठी वेगळं सबडोमेन, म्हणजे स्वतंत्र उपपत्ता, मागा. मुख्य साइटच्या आत ठेवू नका. कारण उघड आहे, नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या दर्जाचं, मूल्यांकन जवळ आलं की कॉलेजची साइट नव्यानं होते. नवी एजन्सी येते, जुनी पानं उडवते, आणि तुमच्या सगळ्या लेखांचे पत्ते एका रात्रीत मरतात. सबडोमेन वेगळं असलं की मुख्य साइटचं काहीही होवो, लेख जागेवर राहतात.

इथपर्यंतचा क्रम असा झाला: मजकूर युनिकोडमध्ये, लेख सुटे, माहिती स्वच्छ, पत्ता कॉलेजच्या ताब्यात. डीओआय याच्यानंतर येतो. एजन्सी तो सगळ्यात आधी विकते.

डीओआय म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे. तो लेखाचा कायमचा क्रमांक आहे. क्रमांकामागं सध्याचा वेब पत्ता नोंदवलेला असतो, कुणी क्रमांक उघडला की तिकडं पोचतो. साइट बदलली तर नवा पत्ता नोंदवायचा, क्रमांक तोच राहतो. म्हणजे डीओआय घेणं ही जबाबदारी घेणं आहे: साइट हलली की आम्ही पत्ता बदलून देऊ, असं तुम्ही कबूल करता. ते करणारं कुणी नसेल तर डीओआय घेऊन मेलेल्या पानांकडे पाठवण्यात काय अर्थ?

संशोधन लेखांसाठी डीओआय मुख्यतः क्रॉसरेफकडून घेतात, ही २००० मध्ये सुरू झालेली ना-नफा संस्था आहे. वार्षिक सभासदत्व आणि वर प्रत्येक लेखामागे नोंदणीची फी, दोन्ही डॉलरमध्ये. रक्कम फार मोठी नसते. आपल्या अनुदानित कॉलेजांत खरी अडचण असते ती परकीय चलनात पैसे कुणाच्या कार्डानं भरायचे आणि लेखापरीक्षणात त्याला काय उत्तर द्यायचं याची. त्यासाठी क्रॉसरेफच्या प्रायोजक संस्था असतात. त्यांच्यामार्फत सभासद झालात तर व्यवहार आणि तांत्रिक काम त्या बघतात. फक्त एक खात्री करा: क्रमांकाच्या पहिल्या भागातला प्रीफिक्स तुमच्या कॉलेजच्या नावावर स्वतंत्र मिळतोय ना? एजन्सीच्या स्वतःच्या प्रीफिक्सखाली तुमचे लेख नोंदले गेले तर उद्या तिच्याशी बिनसल्यावर क्रमांकांमागचे पत्ते कोण बदलणार, हा वाद उभा राहतो.

एजन्सीनं आधी दिलेले डीओआय तपासून बघा. त्यांनी ज्यांचं काम केलंय म्हणून सांगितलंय, त्या नियतकालिकातला एखादा जुना लेख घ्या आणि त्याचा क्रमांक डीओआय डॉट ओआरजी या पत्त्यापुढं टाकून उघडा. दहाच्या आकड्यानं सुरू होणारा, दिसायला अगदी खरा क्रमांक छापलेला असतो आणि उघडला की 'सापडत नाही' असं पान येतं. नोंदणी न करता नुसते आकडे छापलेले असतात. कोटेशनवर चर्चा करण्याआधी ही तपासणी करा, निम्म्या बैठका वाचतील.

क्रमांकाचा दुसरा भाग आपण ठरवायचा असतो. त्यात नियतकालिकाचं नाव, खंड, अंक असं सगळं कोंबू नका. नाव बदललं की तो क्रमांक खोटं बोलायला लागतो. छोटी अर्थहीन अक्षरं-आकडे ठेवा, ओजेएस ते स्वतः करून देतं.

पैसे अजिबात नसतील तर झेनोडो आहे. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेनं २०१३ पासून चालवलेलं हे भांडार लेख मोफत ठेवून घेतं आणि डीओआयही देतं, तो डेटासाइट या दुसऱ्या नोंदणी संस्थेकडचा. नियतकालिकासाठी तिथं स्वतंत्र विभाग करता येतो. लहान नियतकालिकाला हा प्रामाणिक मार्ग आहे. पण मग त्याच लेखाला पुढं क्रॉसरेफचा दुसरा डीओआय घेऊ नका, उद्धरणं दोन ठिकाणी फुटतात.

पॅकेजमधल्या इम्पॅक्ट फॅक्टरवर काट मारा. खरा जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी वेब ऑफ सायन्स या तिच्या सूचीतल्या नियतकालिकांना देते, तो विकत मिळत नाही. पत्रकावर दिसणारे बाकीचे लांबलचक नावांचे 'फॅक्टर' पैसे भरून घेतलेले आकडे आहेत. मुखपृष्ठावर तो आकडा छापला की जाणकार माणूस पुढचं पान उलटत नाही.

'इंडेक्सिंग' या शब्दाखाली एजन्सी नेमकं काय देणार ते लेखी मागा. गुगल स्कॉलरमध्ये यायला पैसे लागत नाहीत. डीओएजे या मुक्त नियतकालिकांच्या सूचीत यायलाही लागत नाहीत, पण तिथले नियम कडक आहेत, आणि मला वाटतं तुमच्या नियतकालिकानं दोन-तीन वर्षांचं ध्येय तेच ठेवावं. वर्षाला किमान ५ संशोधन लेख, प्रत्येक लेखाला वेगळा पत्ता, परवाना स्पष्ट लिहिलेला, परीक्षणाची पद्धत उघड. आणि एक नियम आपल्याकडे झोंबणारा: संपादक, संपादक मंडळ किंवा परीक्षक यांच्यापैकी कुणी लेखक आहे अशा लेखांचं प्रमाण एका अंकात २५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. आपल्या कॉलेजांतली पद्धत तुम्हाला माहीत आहे. संपादक मंडळात कॉलेजचेच विभागप्रमुख, लेखही त्यांचेच, परीक्षकही शेजारच्या स्टाफरूममधले. हे सॉफ्टवेअरनं सुटत नाही. प्राचार्यांना हे तुम्ही सांगायला अवघड जात असेल तर डीओएजेचा नियम छापून समोर ठेवा. आपण बोलण्यापेक्षा कागद बोललेला बरा.

आयएसएसएनचं थोडक्यात. छापील आवृत्तीचा क्रमांक ऑनलाइनला चालत नाही, वेगळा घ्यावा लागतो. भारतात तो दिल्लीच्या सीएसआयआर-निस्पर या संस्थेतल्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो, फी नाही. साइट चालू असावी, तिच्यावर अंक दिसावा आणि नाव अक्षरशः जुळावं. एजन्सी यासाठी पैसे लावत असेल तर ते फॉर्म भरण्याचे आहेत, एवढं समजून द्या. आणि आयएसएसएन म्हणजे दर्जाचं प्रमाणपत्र आहे हा समज स्टाफरूममधून जितका लवकर जाईल तितका बरा.

हक्कांचं मात्र सगळे विसरतात. जुन्या लेखांचे हक्क बहुधा कॉलेजकडे नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवं, आणि लेखी असूनही मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांचीच धरली जाते. तुमच्या जुन्या लेखकांनी छापायला लेख दिला, तेवढ्यावर ऑनलाइन ठेवायची परवानगी गृहीत धरणं धोक्याचं. लेखकांना ईमेल करा, निवृत्तांना फोन करून मग दोन ओळी लिहून घ्या. बहुतेकजण खूश होतात, जुना लेख परत दिसणार म्हणून. जे हयात नाहीत त्यांच्या घरच्यांना विचारा. कुणीच सापडलं नाही तर सारांश ठेवा, पूर्ण लेख थांबवा, आणि वाद झालाच तर कायद्याच्या माणसाला विचारा, मला नव्हे. नव्या अंकापासून लेखकाकडून सुरुवातीलाच परवान्याच्या संमतीची सही घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे लेख ठरलेल्या अटींवर सगळ्यांना वापरू देणारा, परवाना घेतलात तर हक्क लेखकाकडेच राहू शकतात आणि तुम्हाला ठेवायला अडचण नाही.

साम्य तपासणीबद्दल, म्हणजे लेख कुठून उचललाय का हे सॉफ्टवेअरनं बघण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण प्राचार्य विचारतील. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाशिवाय आहे, म्हणून सगळे तो आकडा धरून बसतात. मराठी लेखाचा अहवाल शून्य टक्के आला तर त्यावर विसंबू नका. ज्या लेखातून चोरी झाली तोच जुन्या फॉन्टमध्ये किंवा नुसत्या स्कॅनमध्ये असेल तर सॉफ्टवेअर त्याच्याशी ताडून बघणार तरी कसं? तुमचे अंक युनिकोडमध्ये उघडे झाले की निदान तुमच्या लेखांची चोरी पकडता येईल. केअर गेल्यावर फायदा काय, या प्रश्नाला माझं हेही एक उत्तर आहे.

ओजेएसवर गेलात आणि ऑनलाइन आयएसएसएन मिळाला की ओजेएस बनवणाऱ्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टच्याच जतन जाळ्यात नियतकालिक नोंदवून ठेवा. ते मोफत आहे, प्लगइन चालू करून अटी मान्य करायच्या असतात. तुमचा सर्व्हर उद्या बंद पडला तरी लेखांच्या प्रती दुसरीकडे राहतात. छापील प्रती बंद करायची घाई करू नका, निदान ग्रंथालयापुरत्या काही काढाच.

एजन्सीला सरळ नको म्हणा असं मी सांगणार नाही. कॉलेजात तांत्रिक माणूस नसेल तर होस्टिंग आणि ओजेएसची देखभाल बाहेर देणं शहाणपणाचं आहे. फक्त कोटेशन मोडून घ्या: होस्टिंग किती, देखभाल किती, जुने अंक युनिकोडमध्ये आणून सुटे करायचं पानाला किती. शेवटची रक्कम सगळ्यात मोठी असायला हवी. ती सगळ्यात लहान असेल किंवा नसेलच, तर ते मोठी स्कॅन पीडीएफ टांगून मोकळे होणार आहेत. करारात लिहून घ्या की काम थांबवल्यावर डेटाबेस, फाइली आणि सगळे पासवर्ड कॉलेजला द्यायचे.

सुरुवात जुन्या अंकांपासून करू नका, लोक तिथंच दमतात. पुढचा अंक युनिकोडमध्ये काढा, तो नीट चढवा, मग एकेक मागचं वर्ष घ्या.

मला तीन गोष्टी कळवल्यात तर नेमकं सांगता येईल. जुन्या अंकांच्या मूळ फाइली प्रेसकडे कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये आणि कुठल्या फॉन्टमध्ये आहेत, कॉलेजच्या डोमेनचा पासवर्ड आत्ता नेमका कुणाकडे आहे, आणि एजन्सीनं नमुना म्हणून कुठलं नियतकालिक दाखवलंय. फाइली मिळाल्या तर एका लेखाची संदर्भसूची कन्व्हर्ट करून पाठवा. तिचं काय झालंय ते बघितलं की कुठला कन्व्हर्टर चालेल हे ठरवू.